तेवीस वर्षांची उधारी

इंदूरच्या मराठी घरांतून क्रिकेटचा विषय निघाला की होळकरांचे नाव आल्याशिवाय राहत नाही, आणि त्यात अतिशयोक्ती नाही. कर्नल सी. के. नायडूंच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ असा चार वेळा रणजी करंडक जिंकला. मुश्ताक अली, चंदू सरवटे यांसारखे खेळाडू त्या संघात होते. पुढे संस्थाने गेली, होळकर संघही इतिहासजमा झाला, आणि त्याचा वारसा सांगणाऱ्या मध्य प्रदेशाच्या वाट्याला करंडकाऐवजी आठवणीच आल्या. श्रोतेहो, हा करंडक पुन्हा या बाजूला आणणारा मनुष्य मूळचा इंदूरचा नव्हे, मुंबईचा. आणि खेळाडू म्हणून ज्यांचे नाव पहिल्या पंक्तीत घेतले जात नाही, अशांपैकी तो एक होता. चंद्रकांत पंडित हे त्याचे नाव.

पंडितांचा जन्म १९६१ सालचा. रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली ते तयार झाले. १९८६ साली लीड्स येथे इंग्लंडविरुद्ध त्यांना पहिला कसोटी सामना खेळावयास मिळाला, परंतु तो फलंदाज म्हणून. यष्ट्यांमागची जागा किरण मोरे यांची होती. मद्रासचा तो प्रसिद्ध बरोबरीत सुटलेला कसोटी सामना त्याच वर्षीचा. पंडितांनी त्यात ३५ आणि ३९ धावा केल्या. ती ३९ हीच त्यांची कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या ठरली. १९८७ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ते खेळले, तेही वेंगसरकर आजारी पडल्यामुळे. पाच कसोटी, छत्तीस एकदिवसीय सामने, आणि संपले! दुसऱ्याच्या दुखण्यामुळे संधी मिळणे आणि तो बरा होताच ती जाणे, हे ज्याच्या नशिबी येते, त्याला संघाच्या बाकावर बसून खेळ पाहण्याची सवय लागते. या सवयीचे मोल पुढे कळले.

मुंबई सोडल्यावर पंडित मध्य प्रदेशाकडून खेळू लागले आणि त्या संघाचे कर्णधार झाले. एप्रिल १९९९ मध्ये हा संघ बंगळूरला कर्नाटकाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात उतरला. कर्नाटकाच्या ३०४ धावांना उत्तर म्हणून मध्य प्रदेशाने ३७९ केल्या, म्हणजे ७५ धावांची आघाडी घेतली. नियमाप्रमाणे आता सामना नुसता अनिर्णित राखला तरी करंडक त्यांचाच होता. शेवटच्या डावात २४७ धावांचे लक्ष्य होते. जिंकणे कठीण, तरी टिकून राहणे अशक्य नव्हते. परंतु विजय भारद्वाज यांनी २४ धावांत सहा गडी टिपले, डाव १५० वर संपला आणि मध्य प्रदेशाचा ९६ धावांनी पराभव झाला. हातातोंडाशी आलेला घास गेला, असे आपण सहज म्हणतो. येथे तो घास सबंध राज्याचा होता. मोशेला वचनदत्त भूमी डोंगरावरून दिसली, आत मात्र पाऊल टाकता आले नाही. त्या दिवशीच्या कर्णधाराची अवस्था याहून फार वेगळी नसावी.

खेळणे थांबल्यावर पंडित प्रशिक्षक झाले, आणि येथून त्यांचे खरे कर्तृत्व सुरू होते. २००२-०३ आणि २००३-०४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांच्या मुंबईने करंडक जिंकला. २०१५-१६ साली पुन्हा जिंकला. मात्र मुंबईला विजयी करणे म्हणजे भरल्या घरात दिवाळी करणे, असे म्हणणारेही होतेच. त्यांना उत्तर मिळाले ते इंदूरच्याच होळकर स्टेडियमवर. जानेवारी २०१७ मध्ये येथील अंतिम सामन्यात गुजरातने ३१२ धावांचा पाठलाग यशस्वी केला. पार्थिव पटेल यांनी १४३ धावा काढल्या. मुंबई हरली, आणि मुंबईने पंडितांना पुन्हा नेमले नाही. ते विदर्भाकडे गेले. विदर्भाने तोवर हा करंडक कधी जिंकला नव्हता. त्या संघाने उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी नमविले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी त्याच होळकर स्टेडियमवर दिल्लीला नऊ गडी राखून हरविले. रजनीश गुरबानी यांची त्या सामन्यातली हॅटट्रिक नागपूरकर अजून विसरलेले नाहीत. एक वर्ष पुरे होण्याच्या आत, त्याच मैदानावर, दुसऱ्याच संघासह! आणि हा योगायोग नव्हता, हे पुढच्याच वर्षी विदर्भाने सौराष्ट्रावर मात करून दाखविले.

मोठे खेळाडू मोठे शिक्षक होतातच असे नाही. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये हर्बर्ट चॅपमन यांचे उदाहरण आहे. खेळाडू म्हणून ते सामान्यच होते. तरी हडर्सफील्ड आणि आर्सेनल या दोन्ही संघांना त्यांनी अजिंक्यपद मिळवून दिले. ज्याला उपजत सर्व काही आले, त्याला ते कसे आले हे सांगता येत नाही. ज्याने एकेक गोष्ट घासून मिळविली, त्याला तिची प्रत्येक पायरी ठाऊक असते. शाळेतही हेच आढळते.

पंडितांची शिस्त मात्र सर्वांना मानवली नाही. २०२२ ते २०२५ या काळात ते कोलकाता नाइट रायडर्सचे मुख्य प्रशिक्षक होते; त्या संघाने २०२४ चे आयपीएल जिंकले, आणि तरीही एका परदेशी खेळाडूने त्यांच्या लष्करी थाटाबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखविली. ही तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. जगभर खेळून आलेल्या प्रौढ माणसाला छडीचा धाक कशाला? परंतु ज्या मुलांना आपण जिंकू शकतो यावरच विश्वास नसतो, त्यांना अशा कडक हाताचा आधार वाटतो, हेही खरे.

मध्य प्रदेशाची मुले अशीच होती. २०२० साली पंडित त्यांचे प्रशिक्षक झाले. जून २०२२ मध्ये संघ अंतिम सामन्यात पोचला, तो पुन्हा बंगळूरला, त्याच चिन्नास्वामी मैदानावर. समोर एकेचाळीस वेळचा विजेता मुंबई संघ. आवेश खान आणि व्यंकटेश अय्यर भारतीय संघात गेलेले. मुंबईने ३७४ धावा केल्या. त्यावर यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६ आणि इंदूरचे रजत पाटीदार १२२ अशी तीन शतके झाली, आणि मध्य प्रदेशाने ५३६ धावा उभारल्या. या वेळी आघाडी १६२ धावांची होती आणि ती वाया गेली नाही. २६ जून रोजी सहा गडी राखून विजय मिळाला. कर्णधार आदित्य श्रीवास्तव यांच्या संघाने साठ वर्षांच्या गुरूंना खांद्यावर घेतले, आणि त्या कठोर माणसाचे डोळे भरून आले.

त्या दिवशी हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. तेही आचरेकर सरांचेच शिष्य. रणजीत धावांचे डोंगर रचूनही भारतासाठी एकही सामना त्यांना मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मुझुमदारच होते.