गांधीलमाशीने केलेला खून



ज्या मालिकेत कालप्रवास आहे, अंतराळयान आहे आणि हवे ते रूप घेणारे परग्रहवासी आहेत, त्या मालिकेत खुनाचा तपास करण्यात काय अर्थ आहे, असे रहस्यकथेचा कट्टर वाचक विचारतो. त्याचे म्हणणे वाजवी आहे. बंद खोलीत प्रेत सापडले की त्याला कडी, किल्ली, खिडकी एवढ्याच वाटा तपासायच्या असतात. इथे मारेकरी भिंतीतून आरपार गेला तरी त्याला बोलायची सोय नाही. त्यातून तो भाग विनोदी असला की विज्ञानकथेचे चाहतेही नाक मुरडतात. यंदा लेखकाला काही सुचले नाही म्हणून वेळ मारून नेली, म्हणतात. माझे मत नेमके उलट आहे. विज्ञानकथेतल्या खुनाला विनोदाची गरज इतर कुठल्याही खुनापेक्षा जास्त असते. अशा कथेच्या लेखकाला आपल्या जगाचे नियम आधी उघड सांगून टाकावे लागतात आणि तरीही प्रेक्षकाच्या ते लक्षात येऊ द्यायचे नसतात. दोन्ही कामे एकदम करायला विनोदासारखी जागा नाही. हसणारा माणूस ऐकतो सगळे, पण ते पुरावा म्हणून टिपून ठेवत नाही.

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका 1963 मध्ये सुरू झाली.  या मालिकेचा ‘द युनिकॉर्न अँड द वास्प’ हा गॅरेथ रॉबर्ट्सने लिहिलेला भाग 17 मे 2008 रोजी दाखवला गेला. काळ 1926, स्थळ इंग्लंडमधला एक श्रीमंती वाडा, आणि पाहुण्यांमध्ये खुद्द अगाथा ख्रिस्ती. ती त्या वर्षी 3 डिसेंबरला घरातून खरोखरच नाहीशी झाली होती आणि अकरा दिवसांनी हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडली. त्या अकरा दिवसांचा खुलासा तिने पुढे आत्मचरित्रातही केला नाही. मालिकेने ती रिकामी जागा बरोबर हेरली. वाड्याच्या ग्रंथालयात प्रोफेसर पीच नावाच्या गृहस्थाचा शिशाच्या नळीने खून होतो. ‘क्लूडो’ हा खुनी ओळखण्याचा बैठा खेळ ज्यांनी खेळला आहे, ते इथेच हसतात. पुढे संवादांत ख्रिस्तीच्या पुस्तकांची नावे इतकी पेरलेली आहेत की चाहते ती मोजत बसतात. आणि खुनी कोण? माणसाएवढी गांधीलमाशी!

एवढे ऐकले तर हा निव्वळ पोरखेळ वाटेल. पण उलगडा नीट पाहा. वाड्याची मालकीण लेडी एडिसन तरुणपणी दिल्लीत असताना माणसाच्या रूपातल्या एका परग्रहवाशाच्या प्रेमात पडली होती. त्यांचे मूल तिने गुपचूप दुसऱ्याकडे सोपवले. तेच मूल आता गोलाइटली नावाचे पाद्री झाले आहे. तिच्या गळ्यातल्या दागिन्यात एक खडा आहे, आणि तो तिचे मन त्या मुलाच्या मनाशी जोडतो. ज्या रात्री त्याच्यातली गांधीलमाशी जागी झाली, त्या रात्री बाई ख्रिस्तीची कादंबरी वाचत होत्या. म्हणजे जग कसे चालते हे त्या प्राण्याला कळले ते खुनाच्या कादंबरीतून, म्हणून तो तसेच खून करत सुटला. आपण इतका वेळ ज्याला लेखकाची चेष्टा समजून हसत होतो, ती ख्रिस्तीची नक्कल हाच मुख्य पुरावा होता. तो समोर ठेवलेला होता आणि आपणच त्याला विनोदात जमा करून मोकळे झालो होतो. पाद्रीबुवा संतापले की त्यांच्या बोलण्यात गुणगुण उमटते, हेही त्यातलेच.

आता तो पहिला आक्षेप. विज्ञानकथेत काहीही घडू शकते, मग वाचकाला उलगड्याची न्याय्य संधी कशी मिळणार? ‘अस्टाउंडिंग’ मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांचे हेच म्हणणे होते, असे आयझॅक असिमॉव्ह यांनी नोंदवले आहे. असिमॉव्ह यांनी उत्तर दिले ते 1954 च्या ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ या कादंबरीतून. ती ज्यांना वाचायची आहे त्यांनी पुढची चार वाक्ये कानाआड करावीत. तिथला पोलीस बेली आपल्या रोबो जोडीदारावर, डॅनीलवर, दोनदा आरोप करतो आणि दोन्हीदा तोंडघशी पडतो. पहिल्यांदा तो म्हणतो, हा रोबो नसून माणूस आहे, तेव्हा डॅनील आपला हात उघडून आतले धातूचे अवयव दाखवतो; दुसऱ्यांदा म्हणतो, हा खून करू शकणारा रोबो आहे, तेव्हा तज्ज्ञ येऊन सांगतो की असा रोबो बनूच शकत नाही. बेलीच्या या फजितीला आपण हसतो, आणि हसता हसता रोबो खून करू शकत नाही हा नियम डोक्यात पक्का बसतो. शेवटचा उलगडा त्याच नियमावर उभा आहे. ‘काहीही घडू शकते’ हा आक्षेप आळशी लेखकाला लागू पडतो. त्याचा दोष त्या कथाप्रकाराला देऊन चालणार नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या श्रोत्यांना तर उलगडा आधी दिसलेल्या कारणावर उभा हवा, हे वेगळे सांगायला नको, कारण कार्यकारण शोधणे हेच इथल्या अनेकांचे काम आहे. टोयोटाचे ताइची ओनो यांचे उदाहरण इथल्या ट्रेनिंगमध्ये हमखास येते. मशीन बंद पडले, का? फ्यूज उडाला, कारण लोड वाढला. लोड का वाढला? बेअरिंगला तेल पुरेसे पोहोचत नव्हते. का नव्हते? पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? तेलाच्या वाटेवर जाळी नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. फ्यूज बदलून लाइन चालू करणारा माणूस पहिल्याच संशयितावर केस बंद करतो, आणि काही दिवसांनी तोच फ्यूज पुन्हा उडतो. शॉप फ्लोअरवर तर ‘ऑपरेटरची चूक’ हा पहिला संशयित ठरलेलाच असतो. ज्याला ही सवय आहे तो रहस्याचा उलगडाही याच कसोटीवर घासून पाहील: जाळी नव्हती, ही गोष्ट आधी कुठे तरी दिसली होती का? गांधीलमाशीच्या भागात ती दिसली होती. बाईंच्या गळ्यातला दागिना सुरुवातीपासून कॅमेऱ्यासमोर आहे.

विनोदात दुवा लपवण्याचे हे काम मराठीत कुणी केले नाही, असेही नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा एका कपाटात आणि विज्ञानकथा दुसऱ्या कपाटात, अशी वाटणी झाली खरी. पण जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा घ्या. एका क्रिकेटपटूचा गोलंदाजीचा हात बदलतो आणि एका गणेशमूर्तीच्या सोंडेची दिशा बदलते. दोन्ही गोष्टी ऐकताना गंमत वाटते, आणि दोन्ही गोष्टी अवकाशात माणूस आणि वस्तू आरशातल्यासारख्या उलटल्याचा पुरावा आहेत. सोंडेकडे मराठी माणसाचे लक्ष जाणारच. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे कडक, हे घराघरात माहीत असते. तेव्हा नियम सांगायलाही लागला नाही, तो वाचकाच्या देवघरात आधीपासूनच होता. याच नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली कथा पाठवली, तेव्हा टोपणनाव घेतले नारायण विनायक जगताप. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटी करून! परीक्षकांसमोर दुवा ठेवलेला होता, आणि बक्षीस जाहीर होईपर्यंत तो कुणाला दिसला नाही.

दुसरा आक्षेप जड आहे. माणूस मेलेला असताना हसायचे कसे? ज्या पट्ट्यात पॉवर प्रेसखाली बोटे जातात, तिथे हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. 25 जानेवारी 1979 रोजी अमेरिकेत फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स हा पंचवीस वर्षांचा कामगार यंत्रहाताच्या धडकेने ठार झाला. जवळ येत असल्याचा इशारा देण्याची सोय त्या यंत्रात नव्हती. आज वेल्डिंग रोबोभोवती जाळी असते आणि फाटक उघडले की यंत्र थांबते, ते अशा मृत्यूंमधून आलेले शहाणपण. यावर कुणी विनोदी भाग लिहू नये, हे मला मान्य आहे. पण चांगला विनोदी तपास मृत्यूला हसत नाही. तो हसतो आपण सर्वज्ञ आहोत असे समजणाऱ्या तपास करणाऱ्याला, प्रतिष्ठेखाली गुपिते झाकणाऱ्या घराण्याला आणि पहिल्याच संशयितावर बोट ठेवणाऱ्या घाईला. गांधीलमाशी तळ्यात बुडून मरते तेव्हा मालिकेने हसू थांबवले आहे. त्या प्राण्याचा स्वतःवर ताबा नव्हता याची मालिकेचा नायक असलेल्या डॉक्टरला खंत वाटते.

माझी तक्रार दुसरीच आहे. चाहत्यांना या भागातला सर्वात आवडणारा प्रसंग म्हणजे डॉक्टरवर झालेला सायनाइडचा प्रयोग. तो स्वयंपाकघरात धावतो, जिंजर बिअर पितो, अक्रोड तोंडात कोंबतो, खुणा करून मीठ मागतो, खारवलेले मासे खातो आणि शेवटी धक्का म्हणून मिळालेल्या चुंबनाने बरा होतो. डेव्हिड टेनंट आणि कॅथरीन टेट या कलाकारांनी धमाल केली आहे, वाद नाही. पण या धुमाकुळात एकही दुवा लपलेला नाही. प्रसंग काढून टाकला तरी तपास जिथल्या तिथे राहतो. लगेच पुढे रात्रीच्या जेवणात डॉक्टर सगळ्यांच्या सुपात मिरपूड घालतो. मिऱ्यातले पायपरीन हे कीटकनाशक आहे, तेव्हा टेबलावर कीटक बसला असेल तर तो आपोआप उघडा पडेल, हा त्याचा डाव. जेवणाच्या टेबलावरची ही थट्टा आहे, रसायनशास्त्र आहे आणि तपासही आहे. याच लेखकाने याच भागात हे करून दाखवले, म्हणून तर आधीचा तो प्रसंग कितीही टाळ्या घेवो, मला तो वाया गेलेला वाटतो.