पालखीतळाचा प्रगती अहवाल

संत तुकाराम महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघते. बारामती, सणसर करत बेलवाडीला गोल रिंगण होते आणि त्या दिवशीचा मुक्काम सहसा निमगाव केतकीत पडतो. पालखीतळावरचा मुक्काम एका रात्रीचा, पण पाणी, वीज, आरोग्य, स्वच्छता, बंदोबस्त या कामांत अनेक खात्यांची माणसे असतात. कोणाचे काम कुठवर आले, हे सर्वांना एकाच वेळी कळण्याचे साधन म्हणजे प्रगती अहवाल.

याच वाटेवरच्या पालखी महामार्गाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. अशा कामाचा अहवाल किलोमीटरमध्ये देता येतो आणि मुदत वाढवूनही घेता येते. पालखीतळाला ती सोय नाही. आषाढी एकादशी पुढे ढकलता येत नाही. म्हणून इथल्या अहवालात झालेल्या कामापेक्षा अडलेल्या कामाला अधिक जागा हवी.

‘काम प्रगतिपथावर आहे’ हे सरकारी मराठीतले सर्वांत निरुपयोगी वाक्य. ‘पाण्याची व्यवस्था ८० टक्के पूर्ण’ हेही फारसे वेगळे नाही. उरलेले २० टक्के म्हणजे नळकोंडाळ्याच्या तोट्या, की टँकर भरायच्या विहिरीवरची मोटार? तोट्या दोन तासांत बसतात. मोटार नसेल, तर तळावर पाणीच पोचत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मोटार बसली. वीजजोडणी बाकी, अर्ज दिला आहे. मंगळवारी संध्याकाळपर्यंत जोडणी न मिळाल्यास जनरेटर लागेल. तो निर्णय बुधवारी सकाळी ग्रामपंचायतीने घ्यावा.’ काय झाले, काय अडले, कोणी आणि कधीपर्यंत काय करायचे, हे सगळे चार ओळींत आले.

अहवाल एका पानाचा असावा आणि ठरल्या वारी, ठरल्या वेळी यावा. अडचण वरच लिहावी. शेवटच्या ओळीत दडवलेली अडचण बैठकीत कोणी वाचत नाही. मागच्या आठवड्यातले राहिलेले काम नव्या अहवालात जुन्या तारखेसह पुन्हा यावे, म्हणजे ते किती दिवस रखडले हे दिसते. अडचण कळवणाऱ्यालाच बैठकीत फैलावर घेतले, तर पुढच्या वेळी सगळे ‘सुरळीत’च लिहून येईल. ही चूक सर्वांत महागात पडते.

पालखी इंदापूरकडे निघाली, की शेवटचा अहवाल त्याच दिवशी लिहावा: पाणी कुठे कमी पडले, दिवे कुठे गेले, कचरा किती वेळात उचलला. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत सर्वांत आधी तोच कागद वाचावा.