अपील दाखल केले, पुढे काय?



खालच्या कोर्टात हरलेला भाडेकरू किंवा लहान शेतकरी ‘वर अपील केले आहे’ एवढ्या आधारावर वर्षे काढतो. वकीलपत्रावर अंगठा उमटला की आपले काम संपले, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः खरी जोखीम तेथून पुढेच सुरू होते. नुसत्या अपिलाने हुकूमनाम्याची अंमलबजावणीही थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते. मुंबई उच्च न्यायालयात तर कार्यालयाने काढलेल्या हरकती दिलेल्या मुदतीत दूर झाल्या नाहीत, म्हणजे गुणदोषांचा शब्दही न निघता अपील रद्द होऊ शकते. एखादा कागद जोडायचा राहिला, आणि घर गेले!

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम १७ नुसार, पुकारा झाला असता अपीलकर्त्यातर्फे कोणीच उभे राहिले नाही, तर कोर्ट अपील काढून टाकू शकते. अशा गैरहजेरीत ते गुणदोषांवर मात्र फेटाळता येत नाही, हे १९७६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. अपील पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज करण्यास ३० दिवस मिळतात. ते मोजायचे अपील काढल्या तारखेपासून. गावाकडे ही वार्ता पोचते ती बहुधा बेलिफाबरोबरच. विलंब माफ होऊ शकतो, हे खरे. पण त्यासाठी पुन्हा वकील, पुन्हा फी.

चूक वकिलाची आणि शिक्षा अशिलाला, हा कोणता न्याय? १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न विचारला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने वकिलाच्या गैरहजेरीत अपील निकालात काढले होते. वकील नेमून, फी देऊन विश्वासाने घरी राहिलेल्या निरपराध पक्षकाराला वकिलाच्या कसुरीचे फळ भोगावयास लावता येणार नाही, असे न्या. डी. ए. देसाई यांनी ठरविले. परंतु १९९३ मध्ये सलिल दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने हा सरसकट नियम नव्हे, असे बजावले. तेथे पक्षकार एक कंपनी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कंपनी आणि खेडूत यांना एकाच मापाने मोजू नये.

फौजदारी बाजूस स्थिती बरी आहे. बनी सिंग प्रकरणात (१९९६) ठरले की, वकील आला नाही म्हणून आरोपीचे अपील काढून टाकता येत नाही. नोंदी पाहून गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो. स्वातंत्र्याला जे संरक्षण, ते एकुलत्या एका एकर जमिनीला का नसावे? आज तारखा मोबाइलवर कळतात. पण नोंदविलेला नंबर वकिलाचाच असेल, तर त्या सोयीचा अशिलाला काय उपयोग? म्हणून आपली मागणी साधी आहे: अपील काढण्यापूर्वी खुद्द पक्षकाराच्या पत्त्यावर, मराठीत, नोटीस गेली पाहिजे.