हात कोणाचा, सही कोणाची?

गुरुग्रामात वसंत व्याख्यानमाला भरवणे हे धाडसच आहे, कारण इथे वसंत कधी संपतो ते निमंत्रणपत्रिका छापून येईपर्यंत कळत नाही. पत्रिकेवर माझा विषय ‘टपाल, इंटरनेट आणि कलेतला रसिकांचा सहभाग’ असा दिला आहे. पण विषय कोणताही असो, माझे टुमणे एकच : कष्ट कोणाचे आणि नाव कोणाचे? न्यूयॉर्कचा रे जॉन्सन चित्रे टपालाने पाठवायचा आणि ‘भर घालून परत पाठवा’ म्हणायचा, तिथून टपाल-कला कशी पसरली, हे आपण जाणताच. त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचे आहे ते मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या २००१ च्या ‘सेंटिमेंट एक्स्प्रेस’बद्दल. प्रेक्षकाने संगणकावर आपले प्रेमपत्र सांगायचे. ते भारतात कोणीतरी हाताने लिहिणार आणि टपालात टाकणार. त्याआधीच, १९९७ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकने याच गुरुग्रामात परदेशी कामाचे दुकान मांडले होते, रात्रपाळ्या सुरू झाल्या होत्या. हिशेब लिहायला देता, मग प्रेमही लिहायला द्या, असा तो चिमटा होता. (समोरच्या रांगेतले हसताहेत, उद्या सकाळी सातला त्यांचा ‘कॉल’ असणार.) आता पाहा, मुंबईच्या जीपीओबाहेर पत्रलेखक बसत. गावाहून आलेला, अक्षरओळख नसलेला कामगार मजकूर सांगे, लेखक तो कागदावर उतरवी, मनीऑर्डरचा फॉर्मही भरून देई. लिहिताना तो मजकुराला वळण देई, रागाचे शब्द गाळी, ख्यालीखुशाली वाढवी. शब्द एकाचे, अक्षर दुसऱ्याचे. पण दोघे समोरासमोर, आणि लिहिलेले वाचून दाखवल्याखेरीज पाकीट बंद होत नसे. शिल्पाबाईंनी नेमके हे समोरासमोर बसणे काढून घेतले, आणि काय हरवले ते दिसले. पत्रलेखकांवर मी जरा जास्तच रेंगाळलो, कार्यवाह घड्याळ दाखवताहेत.

तर थोडक्यात. २००६ मध्ये एरन कोब्लिन या अमेरिकी कलावंताने अ‍ॅमेझॉनच्या ‘मेकॅनिकल टर्क’ या किरकोळ कामे मोबदल्यावर करून घेण्याच्या संकेतस्थळावरून मेंढरांची दहा हजार चित्रे काढून घेतली, प्रत्येकी दोन सेंट देऊन. कशासाठी, ते काढणाऱ्यांना सांगितलेले नव्हते. पुढे त्याच चित्रांची टपाली तिकिटांसारखी तिकिटे विकायला आली, तेव्हा आमची मेंढरे विकता काय, म्हणून काहीजण चिडले. तुम्ही म्हणाल, जबरदस्ती कोणी केली? आणि निनावी श्रम उघडे पाडणे हाच तर त्या कृतीचा हेतू होता. हेतू मान्य, पण ज्याचे श्रम उघडे पाडायचे त्यालाच अंधारात ठेवून? दुसरा आक्षेप जास्त वजनाचा : भजनात टाळकऱ्याचे नाव कोण लिहितो? कोणी नाही. पण टाळकऱ्याला अख्खा अभंग ऐकू येतो, आणि बुवांनी लय चढवली तर टाळ मागे धरण्याची सोयही त्याच्याकडे असते. म्हणून नाव दुय्यम आहे, एवढे मी आज मान्य करतो. पूर्ण कृती दिसणे हे पहिले. याचे उदाहरण पाहा : त्याच शिल्पा गुप्ता आणि पाकिस्तानच्या हुमा मुलजी यांनी ‘आर पार’ हा उपक्रम केला. २००२ मध्ये, दोन देशांमधली विमाने, रेल्वे, बस सगळे बंद असताना, दोन्हीकडच्या कलावंतांची पोस्टरे ईमेलने पलीकडे गेली आणि तिथे छापून रस्त्यांवर आली. छापणाऱ्याला, चिकटवणाऱ्याला आपण शत्रुदेशातले काय भिंतीवर लावतो आहोत हे डोळ्यांनी दिसत होते. त्याला नाही म्हणता येत होते. याला मी सहभाग म्हणतो.

चिठ्ठी आली आहे, तेव्हा शेवटचे. उद्या कोणी कलावंत तुमच्याकडे फोटो, आवाज, आईचे जुने पत्र मागेल. द्या जरूर. पण हे सगळे जोडून काय होणार आहे, ते आधी विचारा. उत्तर आले नाही तर पाठवू नका.