लोणारच्या धारेवर जाण्यापूर्वी

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले.)



गेल्या सभेत मंडळाची एक दिवसाची सहल काढावी असे ठरले आणि तिची आखणी करण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. मी नको म्हणत होते. पण "तुम्हांला गुडघेदुखी आहे, तेव्हा तुम्ही आखाल ती सहल सर्वांना झेपेल," असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्या हसल्या. त्या म्हणण्यात तथ्य होते म्हणून मी काम पत्करले.

आपले शिरपूर हे यात्रेकरूंचे गाव. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला गुजराथ, राजस्थानाकडून माणसे येतात. आपण त्यांना रस्ता सांगतो, पाणी देतो. पण आपण स्वतः कोठे जातो म्हणाल तर माहेरी, लग्नाला आणि दवाखान्यात. केवळ चार झाडे आणि वाहते पाणी पाहण्यासाठी घराबाहेर पडलेल्या बायका आपल्यात किती आहेत, हे मी गेल्या खेपेस हात वर करायला सांगून पाहिले. सात हात वर झाले. त्यांतले दोन तर शाळेच्या सहलीचे.

कोठे जावे यावर बरीच वादावादी झाली. आपल्या सुनांनी मोबाईलवर सहस्रकुंडाची चित्रे पाहिली होती. पैनगंगा तेथे काळ्या खडकावरून कोसळते आणि खाली डोह आहेत. "तेथे जाऊ, पाण्यात मनसोक्त डुंबू," असे त्यांचे म्हणणे. ठिकाण सुंदर आहे यात शंका नाही. परंतु ते यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांच्या सीमेवर, म्हणजे आपला अर्धा दिवस गाडीतच जाणार. शिवाय वरच्या अंगाला इसापूरचे धरण आहे. धरणातून पाणी सोडले किंवा वर कोठे पाऊस झाला, तर आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतानाही खाली पाणी चढते. ज्या पाण्याचा मालक दुसरीकडे बसला आहे, त्या पाण्यात आपली लेकरे घेऊन उतरू नये, असे मला वाटते. दुरून पाहायला मात्र एकदा अवश्य जावे.

दुसरी सूचना आली ती जवळच्या एखाद्या नाल्यातील डोहाची. घरून डबे घ्यावेत, चालत जावे, दुपारी परत यावे. खर्च काही नाही. या सूचनेला मी सर्वांत जोराने विरोध केला. काहींना त्याचा राग आला हे मला माहीत आहे, म्हणून कारण सविस्तर सांगते.

आपल्याकडचे नाले-नद्या चार महिने वाहतात आणि आठ महिने वाळूत झोपतात. सगळीकडचे पाणी आटले तरी एखाद्या ठिकाणी ते टिकून राहते. ते का टिकते? कारण तेथे खोली असते. आपला खडक बेसाल्टाचा, थरावर थर रचलेला. काही थर टणक, काही भुसभुशीत. पुराच्या पाण्यात गोटे गरगर फिरतात आणि खडकाला जात्यासारखे कोरत जातात. नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, निघोजला कुकडी नदीच्या पात्रात असे रांजणखळगे झाले आहेत. त्यांना रांजण म्हणतात ते उगीच नव्हे. तोंड लहान आणि आत केवढी पोकळी! अशा ठिकाणी काठ उतरता नसतो. एका पावलाला पाणी घोट्याइतके आणि दुसऱ्या पावलाला पायच लागत नाही. वर शेवाळ. त्यात अलीकडे रेती उपसून केलेले खड्डे आणि मुरूम-दगडाच्या सोडून दिलेल्या खदानी यांची भर पडली आहे. गढूळ पाण्यात खड्डा दिसत नाही आणि नितळ पाणी आहे त्यापेक्षा उथळ दिसते. म्हणजे दोन्हीकडून फसगत.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे लग्न होऊन दोन वर्षे झाली असतील. ऋषिपंचमीला आम्ही गल्लीतल्या पंधरा-वीस जणी नदीवर स्नानाला गेलो. आता पाहा, भाद्रपदाचे दिवस, नदी भरून वाहते आहे आणि पोहता येणारी एकही बाई नाही. तरी आपण दरवर्षी जातो. माझी धाकटी नणंद तेव्हा बारा वर्षांची होती. ती काठावर बिचकत उभी होती. मी आत उभी होते, पाणी माझ्या गुडघ्याला लागत होते. मी तिला म्हटले, "ये ग, घाबरतेस काय, गुडघाभरच पाणी आहे." ती माझ्याकडे सरळ न येता तिरकी आली. दोन हातांचा फरक. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती नाहीशी झाली.

मी ओरडले. दुसरे काही मला करता आले नाही. पलीकडे गुरे पाजणारा एक म्हातारा गुराखी होता. तो पाण्यात उतरला नाही. त्याने डोक्याचे मुंडासे सोडले, त्याचे एक टोक हाताला गुंडाळले आणि दुसरे तिच्यापुढे फेकले. तिसऱ्या फेकीला तिच्या हाती लागले. ती वाचली. घरी आल्यावर सासूबाईंनी माझी ओटी भरली. मी ओरडले म्हणून पोर हाती लागली, असे त्या चार जणींना सांगत राहिल्या. तिला आत बोलावणारी मीच होते, हे मी त्यांना कधी सांगितले नाही. त्या गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. नणंदही त्याबद्दल कधी बोलली नाही. आज येथे तुमच्यासमोर ते पहिल्यांदा तोंडातून निघते आहे.

असो. तेव्हा डोह नको. मग पाणी कोठले? माझ्या मनात लोणार आले.

लोणार आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले. रिसोडवरून गेले की एका दिवसात जाऊन येता येते. आमच्या शाळेत ते ज्वालामुखीचे तोंड म्हणून शिकवीत. पुढे 1973 साली शास्त्रज्ञांनी तेथील खडकातील काचेसारखे द्रव्य तपासून ते उल्का आदळून झालेले विवर आहे, असे प्रसिद्ध केले. विवर सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंद आहे आणि काठापासून तळ्यापर्यंत दीडशे मीटरांच्या आसपास उतार आहे. लवणासुराला विष्णूने मारले ही कथा तर आपणां सर्वांना ठाऊकच आहे. गावातले दैत्यसूदनाचे मंदिर त्याच कथेचे. त्याच्या भिंतींवरील मूर्ती पाहण्यासाठी मी अर्धा तास राखून ठेवला आहे, फोटो काढण्यासाठी नव्हे.

तळ्याचे पाणी खारे. पूर्वी उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावरचा खार गोळा करून विकीत. तो आपल्या पापडखाराच्याच जातीचा. साबण आणि काच करायला तो उपयोगी पडे. 'ऐन-इ-अकबरी'तही त्याचा उल्लेख आहे. ज्या पाण्याने पापड फुलावेत त्यात डोळे बुडवायचे नसतात, एवढे सांगितले म्हणजे पुरे. 2020 च्या जून महिन्यात हे पाणी गुलाबी झाले तेव्हा गावोगाव तर्क चालले होते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले की, फार खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अभयारण्य तर ते 2000 सालापासूनच आहे. तेव्हा तळ्यात उतरणे नाही, प्लॅस्टिकच्या पिशव्या नाहीत आणि वानरांना पोळी देणे नाही. शेवटची सूचना ज्यांच्यासाठी आहे त्यांना ती कळली असेल.

पण याच खाऱ्या तळ्याच्या काठावर गोड्या पाण्याची धार आहे. गोमुखातून ती बारमाही पडते. तिचे पाणी पुढे घळीतून ओढ्यासारखे खाली उतरून तळ्याकडे जाते. पावसाचे पाणी खडकांच्या फटींतून मुरत मुरत येते आणि विवराच्या कड्यात वाट मिळाली की बाहेर पडते. शेजारी शेजारी दोन पाणी, एक जिभेवर ठेवता येत नाही आणि एक ओंजळीने प्यावे असे. आमच्या आईने लहानपणी मला या धारेखाली उभे केले होते. डोक्यावर पडणाऱ्या पाण्याचा तो दणका मला अजून आठवतो. तेथे पायाखाली फरशी आहे. पोहता येत नसलेल्या बाईलाही पाण्याचा आनंद घेता येईल, अशी आपल्या भागातली मला माहीत असलेली ही एकच जागा.

आता बेत. दिवाळी होऊन थंडी पडू लागली की मार्गशीर्षात जायचे. नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेची गर्दी असते, उन्हाळ्यात दगड तापतात आणि पावसाळ्यात वाट निसरडी होते. मार्गशीर्षातला गुरुवार टाळायचा, कारण बऱ्याच जणींचा उपवास असतो आणि उपाशीपोटी चढण चढायची नसते.

एस. टी.ने जावे असे पुष्कळ जणींना वाटते. 2023 सालापासून आपल्याला अर्धे तिकीट आहे, तेव्हा मोह होणारच. मलाही झाला. परंतु आपल्यातल्या जैन भगिनींचा विचार करा. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्या दिवसांत सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. परतीची गाडी चुकली तर त्या सकाळपर्यंत उपाशी राहतील आणि सभ्यपणाने आपल्याला बोलणारही नाहीत. म्हणून भाड्याची गाडी ठरवायची, सकाळी सहाला निघायचे, साडेचारला संध्याकाळचे खाणे उरकायचे. डबा ज्याचा त्याने आणावा, पण कांदा-लसूण नसलेली दशमी आणि जवसाची चटणी थोडी जास्त आणावी, म्हणजे एका पंगतीत बसता येईल. गाळलेल्या पाण्याचे दोन पिंप वेगळे राहतील. शिवाय प्रत्येकीने दोन लिटर पाणी स्वतः उचलायचे. "तुझ्यातले घोटभर दे" ही सवय चढणीवर चालत नाही.

चपला नकोत, मुलांचे जुने कॅनव्हासचे बूट चालतील. खाली उतरणे सोपे असते, गुडघ्यांना कळते ते वर येताना. म्हणून दोन तुकड्या करू. एक तळ्यापर्यंत उतरेल, दुसरी काठावरूनच पाहील. दुसऱ्या तुकडीत मी आहे, तेव्हा तिला कोणी कमी लेखू नये. गेल्या काही वर्षांत तळ्याचे पाणी वाढून कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत आल्याच्या बातम्या आपण वाचल्या. तेव्हा जेथपर्यंत वाट कोरडी तेथपर्यंतच पहिल्या तुकडीने जायचे.

स्नानाविषयी. धारेजवळ देवस्थान आहे. त्या दिवशी तेथील मंडळी स्नान करू देतील तरच करायचे, नाही म्हणाली तर हातपाय धुऊन यायचे. हुज्जत घालायची नाही. धारेखाली एका वेळी दोघींनीच उभे राहायचे. ओल्या साडीचा पायांत वेढा बसतो आणि बाई उभ्याउभ्या पडते, म्हणून सलवार-कमीज बरी. आडोशासाठी दोन जुनी लुगडी आणि दोरी मी आणणार आहे. कोणाला त्या दिवशी अडचण असेल तिने घरी बसू नये, गाडीत जागा तिचीही आहे.

आणि ज्यांच्या घरी शेततळे, विहीर किंवा नदी आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट, सहलीशी संबंध नसली तरी. आपल्या आजोळच्या मुली वाळलेले भोपळे पाठीला बांधून विहिरीत पोहायला शिकत. आता भोपळे गेले, पण झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅनही तरंगतो. तो दोरीसह काठावर ठेवा. कोणी बुडताना दिसले तर आपण उडी घालू नये. काठी, पदर, कॅन, हाताला येईल ते फेकावे. बाहेर काढल्यावर उलटे टांगू नये, पोट दाबू नये. उताणे निजवून श्वास पाहावा. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्यावा, छातीच्या मध्यावर जोराने आणि भराभर दाबत राहावे, आणि दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन लावावा. हे एकदा शिकून घेण्यासाठी आरोग्य केंद्रातल्या परिचारिकाबाईंना पुढच्या सभेला बोलवावे, अशी माझी सूचना आहे. कोणी अनुमोदन देईल का?

सहलीच्या आधीच्या रविवारी मी आणि चिटणीसबाई पाहणीला जाऊन येणार आहोत. वाट कशी आहे, धार किती आहे, कपडे बदलायला जागा कोठे आहे हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कोणालाच "या" म्हणणार नाही. नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.

माझ्या नणंदेला परवा फोनवर हा बेत सांगितला. ती आता दोन नातवंडांची आजी आहे. नदीच्या पुलावरून जाताना अजूनही ती खिडकीकडे बघत नाही. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, "वहिनी, पाणी किती आहे तेथे?" मी म्हटले, "रविवारी काठी घेऊन जाते आहे. मोजते, मग कळवते." तिने आपले नाव लिहायला सांगितले आहे.