येऊन जाणारा दोष



तंजावरपासून सुमारे 13 किलोमीटरवर, कावेरीच्या काठी, तिरुवैयारु हे गाव आहे. संत त्यागराजांनी 6 जानेवारी 1847 रोजी येथे देह ठेवला. दरवर्षी पौष वद्य पंचमीस त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक एकत्र बसतात आणि नाट, गौळ, आरभी, वराळी व श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती एकसुरात गातात. अशा प्रसंगी लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करावी. घरी परतून तो मुद्रण ऐकू लागतो. आरभीच्या कृतीत तीन ठिकाणी 'खट्' असा आवाज येतो व स्वर तुटतो. बाकी सारे स्वच्छ असते. पण तो क्षण पुन्हा टिपावयाचा, तर वर्षभर थांबणे भाग आहे.

या तुटीचे मूळ पुष्कळदा ध्वनिग्राहकात नसून संगणकाच्या प्रोसेसरमध्ये असते. ध्वनीचे दर सेकंदास 44,100 नमुने घेतले जातात व ते एका छोट्या तात्पुरत्या साठ्यात जमा होतात. साठा 512 नमुन्यांचा असल्यास तो सुमारे 11.6 मिलिसेकंदांत भरतो. त्या अवधीत प्रोसेसर अन्य कामात अडकला आणि साठा उपसला गेला नाही, तर पुढचे नमुने वाया जातात. पाटाचे दार वेळेवर उघडले नाही म्हणजे पाणी बांधावरून वाहून जाते, तसाच हा प्रकार होय.

सतत टिकणारा दोष सापडणे सोपे असते. कठीण असतो तो पाळीच्या तापाप्रमाणे येऊन जाणारा. रोगी वैद्याच्या दारी पोचतो, तोवर अंग गार झालेले असते. विंडोज प्रणालीत याला एक विशेष कारण आहे. शोधसूची तयार करणे, विषाणूंची तपासणी, देखभाल ही कामे यंत्र मोकळे असताना उरकावी, अशी तिची योजना असते. देखभालीची ठरलेली वेळ साधारणतः पहाटे 2 ची असते. त्या वेळी लॅपटॉप बंद असेल, तर ते काम पुढच्या रिकाम्या वेळेवर ढकलले जाते. आता, मुद्रण करणारा विद्यार्थी गायनात तल्लीन होतो, त्याचा हात कळफलकाला लागत नाही, आणि मुद्रणाचे काम तर हलकेच असते. मालक उठून गेला असावा, असा यंत्राचा समज होऊ शकतो व साठलेली कामे सुरू होतात. पुढे संशय येऊन तो टास्क मॅनेजर उघडतो. पण हात लागताच ती कामे थांबतात आणि पडद्यावर सर्व काही शांत दिसते.

आकडेही फसवे असतात. चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा एक गाभा पुरता गुंतला आणि उरलेले तीन रिकामे असले, तरी एकूण भार 25 टक्केच दिसतो. शिवाय हा आकडा काही काळाची सरासरी असतो. मिलिसेकंदांचा खोळंबा तीत बुडून जातो. उलट, 'सिस्टिम आयडल प्रोसेस'पुढे 95 टक्के पाहून पुष्कळजण घाबरतात. वस्तुतः तो प्रोसेसरच्या विश्रांतीचा हिशेब असतो.

मग उपाय कोणता? तो तंजावरच्याच इतिहासात सापडतो. भोसले घराण्यातील सरफोजी दुसरे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत. आजार डोळ्यांसमोर नसतानाही त्याचा विचार करता येतो, तो अशा नोंदींमुळेच. येथेही आधी नोंद व मग औषध, हाच क्रम योग्य होय. विंडोजमधील 'परफॉर्मन्स मॉनिटर' दर सेकंदाची नोंद आपोआप ठेवू शकतो. तो आधीच चालू करून यंत्र दोन तास, हात न लावता, मुद्रणास बसवावे. नंतर मुद्रणातील प्रत्येक 'खट्'ची वेळ नोंदीशी ताडून पाहावी. त्या क्षणी कोणता प्रोग्रॅम उसळला, की उपकरणांच्या व्यत्ययांची एकूण संख्या वाढली, हे त्यातून पुष्कळदा कळते.

त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा व पुन्हा दोन तास परीक्षा घ्यावी. कधी वायफाय बंद करावे. कधी देखभाल आदल्या रात्रीच उरकून घ्यावी. कधी साठा 512 वरून 2,048 नमुन्यांचा करावा, म्हणजे प्रोसेसरला सुमारे 46 मिलिसेकंदांची उसंत मिळते. सगळे बदल एकदम केल्यास दोष जाईलही. परंतु तो कशाने गेला हे न कळल्यामुळे परतला असता पुन्हा अंधारच. विषाणुरोधक कायमचा काढून टाकणे हा तर उपायच नव्हे. ते पहारेकऱ्याला घालवून झोप मिळविण्यासारखे आहे.

उष्णतेचाही विचार हवा. पंख्यात धूळ साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःच्या रक्षणासाठी गती कमी करतो. तेच काम मग अधिक वेळ घेते व भार वाढलेला दिसतो. पौषात हवा सौम्य असली, तरी लॅपटॉप सतरंजीवर ठेवल्यास त्याची खालची छिद्रे बुजतात. एक साधी लाकडी फळी येथे मोठे काम करते.

गवई मैफलीपूर्वी तंबोरा लावून घेतो. मैफलीत तो उतरू नये म्हणून आधी कान देऊन ऐकतो. यंत्राकडेही पंचमीच्या आधी असेच लक्ष द्यावे. येऊन जाणारा दोष धावून पकडता येत नाही. त्याच्या येण्याच्या वाटेवर आधीपासून दिवा लावून ठेवावा लागतो.