जामीनदार आणि वाढीव मुदत



भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात. जामीन राहताना नेमका या म्हणीचा विसर पडतो. स्नेही घरी येतो, चहा होतो, आणि "नुसती सही हवी" एवढ्या शब्दावर आपण कागद न वाचता लेखणी उचलतो. आम्हीही एकदा उचलली.

कर्जाची मुदत संपत आली तेव्हा धनकोने आमच्या स्नेह्याला परस्पर दोन वर्षे वाढवून दिली. तीही टळली. हे सारे आम्हांला कळले ते नोटीस हाती पडल्यावर. खरे सांगायचे तर आम्ही मनातून खूषच झालो. १८७२ च्या करार कायद्याचे १३५ वे कलम आम्हांला ठाऊक होते. धनकोने ऋणकोला मुदत वाढवून देण्याचा करार केला आणि त्यास जामीनदाराची संमती नसली, तर जामीनदार मोकळा होतो.

हे असे का? मुदत भरताच स्वतः पैसे भरावेत आणि ऋणकोवर ताबडतोब दावा लावावा, हा जामीनदाराचा हक्क. ऋणकोजवळ आज घर आहे, नोकरी आहे. दोन वर्षांनी असेलच असे नाही. परस्पर मुदत वाढवली की जामीनदाराचे हात बांधले जातात.

मात्र धनको नुसता स्वस्थ बसला, दावा लावण्यात त्याने चालढकल केली, तर एवढ्याने जामीनदार सुटत नाही. ते १३७ वे कलम. स्वस्थ बसलेला धनको उद्या सकाळी कोर्टात जाऊ शकतो, वचनाने बांधलेला जाऊ शकत नाही. सारी गोम त्या वचनात आहे. "आधी ऋणकोला गाठा, मग माझ्याकडे या," असेही जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली बँक ऑफ बिहारच्या खटल्यात ते स्पष्ट केले.

आमच्या वकील मित्राने हमीपत्राची प्रत मागितली. त्यात बारीक टाइपात छापले होते: ऋणकोला केव्हाही मुदत वाढवून दिल्यास जामीनदाराची त्यास आगाऊ संमती आहे. संमती म्हटली की १३५ वे कलम संपले! बँकांच्या छापील हमीपत्रांत असा मजकूर सर्रास असतो.

आम्ही सारी रक्कम भरली. १४० व्या कलमान्वये धनकोचे हक्क आता आमच्याकडे आले आहेत आणि स्नेह्याकडून वसुली चालू आहे. चहाला मात्र तो हल्ली येत नाही.